मराठी ग्राहकांना पाठवायच्या जाहिरातीच्या ईमेलला विषयाची ओळ कशी द्यावी?

प्रश्न – देवगडची बागायतदार

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग असून मुंबई-पुण्यातील घरगुती ग्राहकांना आम्ही पेट्या थेट पाठवतो. आधीच्या हंगामांत पेटी घेतलेल्या सुमारे चौदाशे जणांचे पत्ते त्यांच्या संमतीने आमच्याकडे आहेत आणि पहिली तोड जवळ आली, की त्यांना ईमेल जातो. गेल्या वर्षी मी विषयाची ओळ अशी दिली होती : ‘आमच्या बागेतील अस्सल, नैसर्गिकरीत्या आढीत पिकवलेला देवगड हापूस आता उपलब्ध’. प्रतिसाद अगदीच थोडा आला. मे महिन्यात ‘शेवटची संधी’ असे लिहून लागोपाठ तीन आठवडे ईमेल पाठवले, तेव्हा एका जुन्या ग्राहकांनी फोन करून विचारले, की खरोखर शेवटची पेटी कधी निघणार ते सांगाल का. ते ऐकून मला फार वाईट वाटले. ओळ किती लांब असावी, देवनागरीत लिहावी की रोमन अक्षरांत, आणि भाव त्यातच द्यावा का, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – ईमेलचे काम पाहणारा

आपली पहिली ओळ फोनवर उघडून पाहा. बहुतेक फोनांवर ‘आमच्या बागेतील अस्सल, नैसर्गिकरीत्या…’ एवढेच दिसेल आणि पुढचे कापले जाईल. मराठीत विशेषणे नामाच्या आधी येतात आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे ओळ मागून कापली गेली की विशेषणे उरतात आणि नेमका आंबाच नाहीसा होतो. म्हणून वस्तूचे नाव पहिल्या दोन शब्दांत आले पाहिजे : ‘देवगड हापूस : पहिली तोड ५ एप्रिलला, पेटी पाच डझनांची’. ही ओळ अर्ध्यावर तुटली, तरी वाचणाऱ्याला आंबा आणि तारीख कळते.

चाळीस-पन्नास अक्षरांची मर्यादा सांगितली जाते, ती रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून. संगणक ‘पेटी’ या शब्दाची चार अक्षरे मोजतो, कारण काना, मात्रा, वेलांटी तो वेगळी धरतो, आणि डोळ्यांना मात्र दोनच दिसतात. तेव्हा मोजत बसण्यापेक्षा ईमेल आधी स्वतःला आणि घरातील दोघा-तिघांना पाठवून त्यांच्या फोनवर पाहावा.

मजकूर मराठी असेल, तर ओळही देवनागरीतच असावी. मात्र पुष्कळ लोक जुने ईमेल शोधताना रोमन अक्षरे टाइप करतात, म्हणून आतल्या मजकुरात हापूस हा शब्द एकदा रोमनमध्येही असू द्यावा. ‘अस्सल’ हा शब्द मी काढून टाकेन, कारण तो सगळेच लिहितात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपली त्याखाली नोंदणी असेल, तर ते आत सविस्तर सांगता येईल. हंगाम पुढे सरकतो तसा भाव उतरत जातो, त्यामुळे एप्रिलमध्ये भाव ओळीत देण्याची घाई नको.

ओळीनंतर फिकट अक्षरांत जो मजकूर दिसतो, त्याला प्रीहेडर म्हणतात. तो भरला नाही, तर तिथे अनेकदा ‘ईमेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ असे काहीतरी येते आणि उत्तम जागा वाया जाते. घरपोच कोठे मिळेल, ते तिथे लिहावे.

उत्तर २ – पुस्तकविक्रीतील एक

‘शेवटची संधी’ हे शब्द हंगामात एकदाच आणि तारखेसह वापरावेत. काही विक्रेते जुने संभाषण असल्याचा भास व्हावा म्हणून ओळीआधी ‘रे :’ लावतात, ते तर कटाक्षाने टाळावे. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने फसव्या विषयओळीला बंदीच आहे, आणि आपल्याकडेही फसवले गेल्याची भावना झालेला ग्राहक सरळ ‘स्पॅम’चे बटण दाबतो. स्पॅम म्हणून कळवल्या जाणाऱ्या ईमेलचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असे जीमेल पाठवणाऱ्यांना सांगते, म्हणजे हजारात तीन तक्रारी झाल्या तरी काळजीचे कारण आहे.

आणखी एक. किती जणांनी ईमेल उघडला, या आकड्यावर फार विसंबू नका. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे ईमेलमधील चित्रे आपोआप आधीच उतरवली जातात, आणि चित्र उतरले की ईमेल उघडला असे धरले जात असल्याने न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जातो. पेट्या किती नोंदल्या गेल्या, हेच पाहावे. दोन ओळी निम्म्या-निम्म्या यादीला पाठवून तुलना करता येते, परंतु सातशे-सातशे जणांत चार-पाच पेट्यांचा फरक पडला, तर तो योगायोगही असू शकतो.

उत्तर ३ – पुण्याची ग्राहक

मी विकणारी नाही, विकत घेणारी आहे. मला पेटी हाती कधी पडेल आणि आंबा खाण्याजोगा कधी होईल, एवढेच हवे असते, कारण मुलांना सुटी लागली की आम्ही गावी जातो. ज्या ओळीत तारीख असते, तो ईमेल मी उघडते. पाठवणाऱ्याच्या जागी बागेचे नाव असावे, नुसते ‘माहिती’ किंवा ‘विक्री’ नसावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या ईमेलची ओळ अशी ठरवली आहे : ‘देवगड हापूस : पेटी १० एप्रिलला पुण्यात, आठवड्यात खाण्याजोगी’. मुंबईच्या ग्राहकांची यादी वेगळी काढून त्यांना त्यांची तारीख देईन. शेवटच्या तोडीचा दिवस झाडे पाहून नक्की झाला, की त्याचा एकच ईमेल जाईल, आणि ज्या ग्राहकांनी फोन केला होता, त्यांना तो दिवस मी आधी फोन करून कळवीन.