माइनक्राफ्ट: उंचावरून पडल्यावर वाचायचं कसं? टॉवरवरून सारखा पलटी व्हायलोय

रंकाळा_चौपाटी

भावांनो जरा इस्कटून सांगा कुणीतरी. आम्ही चुलत भाऊ मिळून एका वर्ल्डमध्ये आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधायलोय, दोघं कसबा बावड्याचे, एक इचलकरंजीचा आणि मी, सगळे बेडरॉकवर (मोबाइलवर चालतं ते व्हर्जन), सर्व्हायव्हलमध्येच म्हणजे सामान स्वतः गोळा करायचं आणि मरण पण येतं, सगळं फुकट मिळणाऱ्या क्रिएटिव्हला हात लावायचा नाही असं आधीच ठरलंय. काळ्या दगडासाठी डीपस्लेट वापरलाय, खाणीत जीव गेला पण दिसतंय जगात भारी. आता मधला घड्याळाचा टॉवर चाललाय आणि तो जरा उठून दिसावा म्हणून मुद्दाम ५० ब्लॉक उंच घेतलाय. आणि तिथंच गेम होतोय. कडेला उभं राहून खालच्या बाजूला ब्लॉक लावायला गेलं की पाय सुटतो आणि विषय संपला. सगळं सामान खाली इस्कटतं आणि मी लांब माझ्या पलंगावर उठतो.

अंगावर नेदराइटचा, म्हणजे गेममधल्या सगळ्यात भारी धातूच्या आर्मरचा फुल्ल सेट हाय तरी मरतोय, हे कसं काय? झोंबी, क्रीपर कशालाच दाद देत नाही ते आर्मर. दुसरं म्हणजे व्हिडिओत ती पोरं पडता पडता खाली बादलीतलं पाणी ओतून वाचतात ते मोबाइलवर खरंच जमतं का? आणि तिसरं, इचलकरंजीवाला भाऊ पैजेवर सांगतोय की आपटायच्या अगदी आधी जंप दाबली तर डॅमेज लागत नाही. मिसळीची पैज आहे त्यामुळं नीट सांगा.

खासबाग_कॉर्नर

मिसळ तुझीच, पहिलं ते क्लिअर करतो. हवेत असताना जंप दाबून काहीच होत नाही, जंप पाय टेकल्यावरच लागते आणि पाय टेकला की हिशोब आधीच झालेला असतो.

आता हिशोब कसा चालतो बघ, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतंय. गेम तू किती जोरात आपटलास ते बघतच नाही, तू किती ब्लॉक खाली आलास ते मोजतो. पहिले ३ ब्लॉक माफ, त्याच्या पुढं प्रत्येक ब्लॉकला अर्धं हार्ट. तुझी हार्ट १० म्हणजे पॉइंट २०, म्हणून हार्ट फुल्ल असताना २३ ब्लॉकवरून पडलं की खेळ खलास. तुझा टॉवर ५० चा म्हणजे ४७ पॉइंट डॅमेज, दोनदा मरून वर उरतंय.

आर्मरचं म्हणशील तर नेदराइट घाल नाहीतर चामड्याचं घाल, पडण्याला साधं आर्मर धरतच नाहीत. तिथं फक्त एन्चांटमेंट चालतात, म्हणजे सामानावर चढवलेली जादू. बुटांवर फेदर फॉलिंग ४ असेल तर ४८ टक्के कमी होतं, म्हणजे ४० ब्लॉकच्या आसपास वाचशील, ५० ला मरशीलच. पण त्याच बुटांवर प्रोटेक्शन ४ पण चढवलं तर अजून १६ टक्के, एकूण ६४, मग ४७ चे १७ होतात आणि दीड हार्टवर का होईना जिवंत राहतोस. फेदर फॉलिंगच्या जोडीला चारी तुकड्यांवर प्रोटेक्शन ४ असेल तर ८० टक्क्यांपर्यंत जातं, त्याच्या वर गेम देत नाही. तेवढं असलं की १०० ब्लॉकपर्यंत निभावतं. पण हे सगळं हार्ट फुल्ल असताना बरं का, भुकेलेला अर्ध्या हार्टवर काम करशील तर काही खरं नाही.

बादली_बहाद्दर

वरच्या भावानं बरोबर सांगितलं, त्यात भर घालतो. गेम अंतर मोजतो ना, तर मध्ये पाणी आलं की मोजणी शून्यावर येते, आणि पाणी एकच ब्लॉक खोल असलं तरी चालतंय, वाहतं असलं तरी चालतंय. बादलीचं गणित एवढंच आहे.

मोबाइलवर जमतं, मी मोबाइलवरच करतो. पण टच कंट्रोल जसे येतात तसे ठेवलेस तर नाही जमायचं, कारण बोट जिथं टेकवशील तिथं पाणी पडतं आणि पडताना बोट कुठं टेकायचं ते कळत नाही. सेटिंगमध्ये टचचा जो जॉयस्टिक आणि एम क्रॉसहेअरवाला (स्क्रीनच्या मधोमध नेमाची खूण) पर्याय आहे तो घे. मग पडायला लागलास की नजर सरळ खाली, एकदम काटकोनात, क्रॉसहेअर पायाखालच्या ब्लॉकवर आणि बादलीच्या बटणावर टॅप टॅप टॅप करत राहायचं. एकच टॅप वेळेवर मारीन म्हणशील तर अवघड आहे. ५० ब्लॉक पडायला बरोबर २ सेकंद लागतात (खऱ्या जगात ५० मीटरला ३ च्या वर लागतात, गेमचं गुरुत्वाकर्षण तिपटीहून जास्त आहे) आणि शेवटी तू एका टिकला दोन ब्लॉकहून जास्त खाली येत असतोस, सेकंदाला २० टिक. म्हणजे हात जमिनीपर्यंत पोचायला लागल्यापासून आपटेपर्यंत डोळ्याची पापणी पण लवत नाही. त्यात दुसऱ्याच्या वर्ल्डमध्ये असशील आणि नेट अडखळलं तर तुझ्या स्क्रीनवर पाणी पडलेलं दिसतं आणि तरी तू मेलेला असतोस.

सराव आधी १० ब्लॉकवरून कर, तिथं चुकलं तरी साडेतीन हार्टच जातात. वाचलास की पाणी परत बादलीत भरून घ्यायला विसरू नको.

पन्हाळ्याची_पोरगी

सगळं खरं आहे पण मला एक कळत नाही, टॉवर बांधायला बादलीचे स्टंट कशाला पाहिजेत? खाणीत, डोंगरात अचानक पडलास तर बादली ठीक आहे. इथं तुला आधीच माहितीये की तू कुठून पडणार आणि कुठं पडणार, मग खालची जागाच तयार करून ठेव ना दादा.

मी आमच्या वर्ल्डमध्ये तीन दरवाजा आणि अंबरखाना केलाय, त्याच्या आधी बुरुजाच्या खाली चारी बाजूंनी एक ब्लॉक खोल चर खणला आणि पाणी सोडलं. दोन बादल्यांत काम होतं, कोपऱ्यात दोन बाय दोनचा खड्डा करून पाणी कधीच न संपणारं करायचं आणि तिथून भरत सुटायचं. रुंदी मात्र नीट ठेव, भिंतीपासून निदान पाच-सहा ब्लॉक, कारण पडताना घाबरून आपण जॉयस्टिक दाबतोच आणि दोन सेकंदात बरंच पुढं सरकतो. आणि तुमचं वर्ल्ड बर्फाच्या भागात असेल तर रात्रीत त्या पाण्याचा बर्फ होतो, त्याच्यावर पडलास की दगडावर पडल्यासारखंच. काठाला टॉर्च लावून ठेव म्हणजे गोठत नाही.

पाणी नको असेल तर 'हे बेल' म्हणजे गवताचा भारा टाक. नऊ गव्हाचा एक होतो, तुमचं शेत असेलच. त्याच्यावर पडलं की ८० टक्के डॅमेज जातं, म्हणजे तालमीतल्या लाल मातीवर आपटल्यासारखं, लागतं पण उठता येतं. ५० वरून साधारण पाच हार्ट जातील. मधाचा ब्लॉक पण तेवढंच काम करतो. पलंग टाकलास तर निम्मंच कमी होतं, ५० ला पुरत नाही. स्लाइमचा ब्लॉक असेल तर डॅमेजच नाही, पण तो परत वर उडवतो आणि स्नीक (दबकत चालायचं बटण) दाबलेलं असेल तर उडवत नाही, सगळं डॅमेज देतो. आणि बांधकाम करताना तुझं बोट स्नीकवरच असणार, म्हणून मी स्लाइम टाळते.

आणि मुळात पडतोस कशाला? स्नीक दाबून ठेवलं तर कडेवरून पाय सुटतच नाही. बाहेरच्या बाजूनं काम असेल तर स्कॅफोल्डिंग लाव, बांबू सहा आणि दोरा एक घेतला की सहा नग होतात. आपल्याकडं परांची बांधतात तेच. आत शिरून जंपनं वर, स्नीकनं खाली. खांबापासून आडवं सहा ब्लॉकपर्यंत टिकतं, सातवं लावलंस की गळून पडतं. काम झालं की सगळ्यात खालचं एक फोडायचं, अख्खी परांची उतरते.

रंकाळा_चौपाटी

ताई नाद खुळा. चर खणायला बावड्याच्या दोघांना लावलंय. स्कॅफोल्डिंग माहिती होतं पण बांबू आमच्या जवळपास नाही, जंगल लई लांब आहे. भिंतीला वेली सोडल्या तर चालतंय का, कुणीतरी म्हणत होतं वेलीला घासत पडलं तरी डॅमेज लागत नाही.

खासबाग_कॉर्नर

वेल, शिडी दोन्ही चालतात, त्यांना चिकटलास की मोजणी शून्य. पण पडताना भिंतीला चिकटून पडलास तरच, जरा लांब गेलास तर वेल बघत बघत खाली. आणि न्यू पॅलेसला वेली? भावा १८७७ ते १८८४ एवढी वर्षं लावून बांधलाय तो, तू त्याचं भूत बंगला करणार.

सायबर_जुना_गडी

एवढा घोळ कशाला, चीट चालू करून फॉल डॅमेज बंद करून टाका की. एका ओळीचं काम.

पन्हाळ्याची_पोरगी

मग क्रिएटिव्हच का नाही करायचं सरळ. चौघांनी ठरवलंय ना सर्व्हायव्हल म्हणून, मग राहू दे की.

तांबडा_रस्सा

महागातले उपाय कुणी सांगितले नाहीत म्हणून सांगतो, तुमच्याकडं नेदराइट आहे म्हणजे नेदर, ते आगीचं जग, फिरून झालाय.

सगळ्यात भारी म्हणजे स्लो फॉलिंगचं पोशन. फँटमचं (रात्री उडत येणारं भूत) कातडं लागतं, आणि फँटम पाहिजे असेल तर तीन रात्री झोपायचं नाही, मग ते स्वतःच शोधत येतात. साधं पोशन दीड मिनिट चालतं, रेडस्टोन घातला की ४ मिनिटं. टॉवरचं टोक करायचं असेल तेव्हा प्यायचं आणि निवांत काम करायचं, पडलास तरी पिसासारखा खाली येतोस. एंडर पर्ल पण आहे, फेकला की तो पडेल तिथं आपण पोचतो, आपटायच्या आधी खाली फेकायचा, त्याचं स्वतःचं अडीच हार्ट डॅमेज लागतं पण पडण्याचं लागत नाही. टोटेम हातात धरलेला असेल तर मरता मरता वाचवतो, पण तो एकदाच, आणि बांधताना हातात ब्लॉक असतात म्हणून दुसऱ्या हातात ठेवायचा.

बादलीवाल्यांसाठी एक, नेदरमध्ये पाण्याची बादली चालत नाही, ओतलं की वाफ होऊन जातं. तिथं पावडर स्नोची बादली ठेव, ती ओतली की त्याच्यात रुतून वाचतोस, फक्त लगेच बाहेर ये नाहीतर गारठून हार्ट जायला लागतात. आणि जावावर (कॉम्प्युटरवरचं व्हर्जन) खेळणाऱ्यांनी झाडाच्या पानांवर बादली मारू नये, पाणी पानाच्या आतच शिरतं आणि तू वरून पानावर आपटतोस.

हां, आणि सामानाचं. मेल्यावर पडलेलं सामान ५ मिनिटांत गायब होतं. पण ती ५ मिनिटं कुणीतरी तिथं जवळ असेल तरच धावतात. तू एकटा खेळत असशील आणि पलंग लई लांब असेल तर तो भाग बंदच होतो आणि वेळ थांबते. तुम्ही चौघं असता म्हणजे कुणीतरी टॉवरजवळ असणारच, घड्याळ चालूच. म्हणून पलंग टॉवरच्या पायथ्याला आणून ठेव आणि भावांना सांग नुसतं हसत बसू नका, सामान उचला.

रंकाळा_चौपाटी

ते हसतातच, वर स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. पलंग आणला पायथ्याला. चर पण झाला, तिन्ही बाजूंनी सहा रुंद, पुढच्या बाजूला पोर्च आहे म्हणून तिथं हे बेल टाकलेत. मागच्या बाजूनं मुद्दाम उडी मारून बघितली, पाण्यात पडलो, एक पण हार्ट गेलं नाही. आता इचलकरंजीवाला सारखा वरून उड्याच मारायलाय, काम राहिलं बाजूला. मिसळीचं विचारलं की नेट गेलं म्हणतो.

फक्त एक झालं, घड्याळाच्या बाजूनं तो पडला आणि मेला. पाणी खाली होतं तरी.

पन्हाळ्याची_पोरगी

घड्याळाखाली सज्जा काढलाय का बाहेर? त्याच्यावर आपटला असणार, पाण्यापर्यंत पोचलाच नाही. टोकापासून सज्जापर्यंत किती ब्लॉक आहेत मोज, २३ च्या आत असेल तर निदान फुल्ल हार्टवर मरणार नाही.

रंकाळा_चौपाटी

२६ आहेत. आणि त्याला बुटांवर काहीच नाही, साधे लोखंडी.

पन्हाळ्याची_पोरगी

मग दोन पर्याय, सज्जाच चार ब्लॉक वर घे, नाहीतर त्याच्या वरच्या थरात हे बेल घाल आणि कडेनं डीपस्लेटची पट्टी लाव म्हणजे खालून पिवळं दिसणार नाही. वरून कोण बघतंय. आणि त्याला आधी फेदर फॉलिंगचे बूट करून द्या, एन्चांटिंग टेबल असेलच ना.

रंकाळा_चौपाटी

टेबल आहे, पुस्तकांची कपाटं कमी आहेत. ऊस लावलाय कागदासाठी, चामडं बघतो कुठनं मिळतंय.