प्रतिसाद: मुरगळलेला घोटा आणि कड्यांची वाट

तीन आठवड्यांपूर्वी घोटा मुरगळलाय, आता सपाटीवर दुखत नाही, पण कडे जवळून बघायचेच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. वर अनेकांनी अंतर कमी ठेवा म्हटलंय. माझ्या मते अंतरापेक्षा पायाखालची जमीन महत्त्वाची. कड्याच्या अगदी पायथ्याशी वरून पडलेल्या दगडांचा खच असतो. त्यावर प्रत्येक पाऊल थोडं घसरतं, थोडं कलतं, आणि दुखऱ्या घोट्याला नेमकं तेच सोसत नाही. म्हणून कड्याला लगटून जाणारी वाट सोडा आणि समोरच्या उतारावरची किंवा दरीच्या तळातली रुंद, मळलेली वाट घ्या. खरं तर अख्खा कडा दिसतो तो तिथूनच. पायथ्याशी उभं राहिलं की फक्त मान दुखते.

गोल फेरीपेक्षा गेलो त्याच वाटेने परत, हे बरं. कुठूनही मागे फिरता येतं. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटीने वाट ओलांडत असतील, म्हणजे वाट तिथे तीव्र उताराची असेल, तर तो टप्पा टाळा. चढ सोसेल, उतार छळतो.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम आहे: ५ किलोमीटरला १ तास आणि ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. तो धडधाकट माणसासाठी आहे, तुम्ही दुप्पट धरा. एकच काठी नेणार असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.