मेपलच्या सावलीतील दुरंगी सॉलोमन्स सील

प्रश्न (न्यू जर्सी):
घराच्या उत्तरेला जुन्या मेपल वृक्षाखाली गवतही धड उगवत नाही, म्हणून तिथे पांढऱ्या कडांच्या पानांचे सॉलोमन्स सील हे कंदापासून वाढणारे बारमाही फुलझाड गेल्या पानगळीत लावले. वसंतात कोंब वर आले, परंतु ते कमानीसारखे न झुकता खुरटेच राहिले आणि जुलैत पानांच्या कडा करपल्या. शिवाय एक कोंब पूर्ण हिरवा निघाला आहे. सावली जास्त होते की कमी, आणि त्या कोंबाचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पेनसिल्व्हेनिया):
मला सावलीपेक्षा मेपलच्या मुळांचा संशय येतो. ती वरच्या थरातच पसरतात आणि उन्हाळी सरींचे पाणी कंदापर्यंत पोहोचण्याआधीच शोषून घेतात. कडा करपणे हे बहुधा त्याचेच लक्षण आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यामुळे हे झाड मुळातच हिरव्या जातीपेक्षा कमी अन्न तयार करते, त्यामुळे दाट सावली आणि कोरडी माती या दोन्ही गोष्टी एकदम त्याला सोसत नाहीत. पाने पिवळी पडून गळाली की कंद उचलून फांद्यांच्या घेराबाहेर, जिथे सकाळचे कोवळे ऊन येते, तिथे हलवावेत. कंद आडवा, डोळा वर ठेवून, साधारण दोन इंच खोल लावावा आणि वर कुजलेल्या पाल्याचे आच्छादन द्यावे. पहिली दोन वर्षे वाढ संथच असते. रुळल्यावर उंची दीड ते दोन फूट होते.

उत्तर (ओंटारियो):
हिरवा कोंब ठेवू नये. तो अधिक जोमाने वाढतो आणि हळूहळू दुरंगी कोंबांना मागे टाकतो. माती बाजूला सारून तो कंदाच्या ज्या भागातून फुटला आहे, तेवढा भाग धारदार सुरीने कापून काढावा. कंद पांढरा असतो आणि मागील वर्षांचे दांडे जिथून गळाले तिथे गोल वण दिसतात, त्यामुळे जोड ओळखणे सोपे जाते. नवी रोपे कंद विभागूनच करावीत, कारण बियांपासून आलेल्या रोपांत दुरंगीपणाची खात्री नसते. हरणे सहसा याला तोंड लावत नाहीत. परंतु निळी-काळी फळे विषारी असल्याने घरात लहान मुले असल्यास लक्ष ठेवावे.

उत्तर (न्यू जर्सी):
वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, फक्त एक भर घालतो. ही दुरंगी जात युरोप-आशियातील प्रजातीची आहे. अमेरिकेतील पेरेनियल प्लांट असोसिएशनने २०१३ साठी ‘वर्षातील बारमाही रोप’ म्हणून तिची निवड केली होती, तरी ती इथले रानफूल नव्हे. इथल्या रानातील सॉलोमन्स सीलची, म्हणजे पॉलिगोनॅटम बायफ्लोरमची, पाने हिरवी असतात, मात्र ते कोरडी सावली बऱ्यापैकी सहन करते, म्हणून मेपलखालच्या रिकाम्या जागी तेच लावून पाहावे. दुरंगी रोपे मात्र पायवाटेलगत हलवावीत. मे महिन्यात त्यांची हिरवट टोकांची पांढरी घंटाफुले दांड्याखाली जोडीने लोंबतात आणि त्यांचा मंद सुवास जवळून गेल्याखेरीज येत नाही.