वाळपईला पणजीपेक्षा जास्त पाऊस का?

ढग समुद्रावरून येतात, तर पणजीसारख्या किनाऱ्यावरच जास्त कोसळायला हवं, असा प्रश्न पडतो. नैऋत्येचा ओलसर वारा सत्तरीत (गोव्यातला वाळपईचा तालुका) सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिकामा होतो. किनाऱ्यावर ही चढण नाही.

घरच्या पर्जन्यमापकाच्या आकड्यांची तुलना मात्र जपून करा. गच्चीच्या कठड्यापाशी वारा भोवरे घेतो, थेंब मापकाबाहेर जातात आणि जोराच्या सरीत मोजमाप कमी भरतं. मापक उघड्या अंगणात ठेवा, माडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी दूर. नोंद रोज सकाळी 8:30 लाच घ्या, हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच बदलतो. 1 मिमी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. 24 तासांत 64.5 मिमीपासून पुढे 'मुसळधार', 204.4 च्या वर 'अतिमुसळधार'च्याही पलीकडचा.