शब्दचर्चा : ‘सिंगर-साँगरायटर’ला मराठीत काय म्हणावं? निमित्त जपानी गाण्यांचं

मूळ प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी जपानी गाण्यांवर लेख लिहिते आहे आणि दुसऱ्याच वाक्यात अडकले आहे. लेखातली माणसं अशी : योशिदा ताकुरो, इनोउए योसुई, नाकाजिमा मियुकी, आराई युमी (लग्नानंतर मात्सुतोया युमी) आणि आजच्यांपैकी योनेझु केन्शी, आयम्योन, फुजिई काझे. सगळी स्वतः शब्द लिहितात, स्वतः चाल लावतात आणि स्वतःच गातात. यांना मराठीत एका शब्दात काय म्हणायचं?

आपल्याकडे ‘गीतकार’ शब्द लिहितो, ‘संगीतकार’ चाल लावतो आणि ‘गायक’ तिसराच असतो. रेडिओवर गाण्याआधी तीन नावं ऐकतच आपण वाढलो. ‘गायिका-गीतकार’ लिहिलं तर चाल कुणाची, हा प्रश्न उरतो. तिन्ही शब्द जोडले तर अर्थ पुरा होतो, पण एका परिच्छेदात तो जोडशब्द पाचदा आला की वाक्यांचा जीव जातो.

जपानीत यासाठी तीन शब्द दिसतात. ‘शिंगासोंगुराइता’ हा इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला. ‘जिसाकु-जिएन’, म्हणजे स्वतः रचलेलं, स्वतः सादर केलेलं. आणि ‘हिकिगातारी’, म्हणजे गिटार किंवा पियानो स्वतः वाजवत गाणं. दुसऱ्या शब्दावरून ‘स्वरचित-गायक’ असं काही करावं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १ (सैतामाहून)

‘जिसाकु-जिएन’वरून शब्द बेतू नका, अशी कळकळीची विनंती. कोशातला अर्थ तुम्ही म्हणता तोच आहे, पण आजच्या बोलण्यात तो शब्द बिघडला आहे. खोट्या नावाने स्वतःचंच कौतुक लिहिणं, स्वतःच बनाव रचून स्वतःच बळी असल्याचं दाखवणं, याला इथे ‘जिसाकु-जिएन’ म्हणतात. तरुण मुलं तर नुसतं ‘जिएन’ म्हणतात आणि ती शिवीच असते. एखाद्या गायिकेचं कौतुक करायला हा शब्द वापरताना लोक आता जपून वापरतात.

मग परका शब्दच का रुजला? माझ्या समजुतीप्रमाणे कारण धंद्याच्या रचनेत आहे. युद्धानंतर बरीच वर्षं जपानी रेकॉर्ड कंपन्यांकडे शब्द लिहिणारे आणि चाली लावणारे करारबद्ध असत. अमुक कंपनीचा गीतकार दुसऱ्या कंपनीच्या गायकाला गाणं देऊ शकत नसे. गायकाने समोर ठेवलेलं गाणं गायचं. म्हणून तबकडीवर साकुशी (शब्द), साक्क्योकु (चाल), हेनक्योकु (वाद्यमेळाची बांधणी) आणि उता (गायन) अशी वेगवेगळी नावं. स्वतःचं गाणं स्वतः करणारा माणूस या चौकटीत बसतच नव्हता.

कायामा युझो हे याचं बोलकं उदाहरण. १९६५ सालचा चित्रपटांतला लाडका नट, चाली स्वतः लावायचा. पण संगीतकार म्हणून नाव लावलं ‘दान कोसाकु’. दान इकुमा आणि यामादा कोसाकु या दोन थोर संगीतकारांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं टोपणनाव. शब्द मात्र इवातानी तोकिको यांचे. म्हणजे एकाच माणसासाठी दोन नावं करावी लागली, कारण एका माणसाने दोन कामं करणं हेच नवं होतं.

प्रतिसाद २

मराठीला शब्द शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘वाग्गेयकार’. वाक् आणि गेय, दोन्ही करणारा. शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त त्याची व्याख्या दिली आहे आणि हा ग्रंथ तेराव्या शतकात यादव सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला लिहिला गेला. शब्दांना तो ‘मातु’ म्हणतो, स्वररचनेला ‘धातु’. शब्द आपला, त्याची व्याख्या आपल्या मातीत लिहिलेली. वापरायला संकोच कशाचा?

मूळ प्रश्नकर्ती

वाग्गेयकार मलाही मोहात पाडतो. पण त्याच ग्रंथात वाग्गेयकारांची प्रतवारी आहे ना? धातु उत्तम पण मातु कच्ची, तो मध्यम. मातु रम्य पण धातु मंद, तो अधम. म्हणजे शब्द चांगले असूनही चाल साधी असेल तर सगळ्यात खालची पायरी.

आता ताकादा वातारू घ्या. कानसाई भागातल्या, म्हणजे ओसाका-क्योतोच्या परिसरातल्या, १९६८-६९ च्या फोक (गिटारवर गाणाऱ्या) गायकांपैकी एक. आत्मसंरक्षण दलात (जपानच्या लष्करात) भरती व्हा, असं वरवर आवाहन करणारं त्याचं उपरोधाचं गाणं गाजलं; त्याची चाल अमेरिकन गाण्यावरून घेतलेली. पुढे त्याने ओकिनावाचे कवी यामानोगुची बाकू यांच्या कविता गायल्या. म्हणजे एका ठिकाणी चाल दुसऱ्याची, दुसऱ्या ठिकाणी शब्द दुसऱ्याचे. तरी जपानमध्ये या परंपरेचा इतिहास लिहिताना त्याला वगळून कुणी पुढे जात नाही. वाग्गेयकार म्हटलं की तो पहिल्याच दारावर अडतो. शिवाय मराठी कानाला वाग्गेयकार म्हटलं की बंदिशी आणि ख्याल आठवतात. हातात गिटार घेतलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे येत नाही.

प्रतिसाद ३

ताईंचा मुद्दा पटला. तयार चालीवर शब्द बसवणं आपल्याला कुठे नवीन आहे? संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ म्हणून मूळ गाणं छापलेलं असे. त्याने पद परकं झालं नाही.

मी ‘शाहीर’ सुचवतो, आणि नुसत्या अभिमानाने नाही. जपानी ‘एनका’ शब्दाची कुळकथा पाहा. आज एनका म्हणजे बंदर, साके आणि विरह यांची गाणी. पण १८८० च्या दशकात त्यातला ‘एन’ हा ‘एनझेत्सु’तला, म्हणजे भाषणातला होता. लोकहक्कांच्या चळवळीत सभांवर बंधनं आली तेव्हा कार्यकर्ते भाषणच गाऊन करू लागले. ते गाणं म्हणजे एनका. पुढे सोएदा आझेनबो (१८७२–१९४४) याच्यासारखे एनकाशी, म्हणजे एनका गाणारे, रस्त्यावर गात आणि गाण्यांची छापील पानं विकत. स्वतःचे शब्द, भोवती जमलेली गर्दी, महागाईवर आणि पुढाऱ्यांवर टीका. हा शाहीरच झाला.

आणि १९६९ चं टोक्योतलं शिंजुकू! स्टेशनच्या पश्चिम दाराशी जमिनीखाली मोठी मोकळी जागा आहे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तरुण मुलं शनिवारी संध्याकाळी तिथे गिटार घेऊन बसत, हजारोंनी लोक जमत. शब्दांची आवड असणाऱ्यांनी पुढचं लक्षात ठेवावं. जागेचं नाव होतं ‘हिरोबा’, म्हणजे चौक. जुलैमध्ये पाट्या बदलून ‘त्सूरो’ केलं, म्हणजे जाण्यायेण्याची वाट. चौकात थांबता येतं, वाटेत थांबता येत नाही. शब्द बदलला आणि गाणारे हुसकावले गेले.

प्रतिसाद १ (सैतामाहून)

शिंजुकूच्या त्या पाट्यांची गोष्ट इथले म्हातारे अजून सांगतात. पण शाहीर म्हटलं की १९७२ नंतरची सगळी मंडळी बाहेर पडतात, आणि लोकप्रियता खरी तिथून सुरू होते. त्या वर्षी योशिदा ताकुरोने लग्नाबद्दलचं एक हलकंफुलकं गाणं गाजवलं. चळवळीतल्या लोकांना तो फितूर वाटला. इनोउए योसुईचं त्याच वर्षीचं गाणं तर याहून थेट : वर्तमानपत्रात देशाची दुखणी छापून आली आहेत, पण माझी अडचण ही की पाऊस पडतोय, तिला भेटायला जायचंय आणि छत्री नाही. हे शाहिराचं गाणं नव्हे, एकट्याचं आहे. त्याची १९७३ ची ‘कोरी नो सेकाई’ ही दहा लाखांवर खपलेली जपानमधली पहिली एलपी. १९७५ मध्ये हे दोघं, इझुमिया शिगेरू आणि कोमुरो हितोशी यांनी मिळून स्वतःची रेकॉर्ड कंपनीच काढली. ज्या व्यवस्थेत गायकाला फक्त गायचं होतं, तिथे गायक मालक झाले.

जाता जाता, ‘फोक’चं भाषांतर कृपया ‘लोकगीत’ करू नका. जपानी लोकगीताला ‘मिन्यो’ म्हणतात. त्यात भात लावणीची, मच्छीमारांची गाणी येतात. ‘फोकु’ म्हणजे शहरातल्या विद्यार्थ्यांचं गिटारवरचं गाणं. मराठी लेखांत ही चूक वारंवार दिसते आणि वाचणाऱ्याच्या मनात चित्रच वेगळं उभं राहतं.

प्रतिसाद ४

‘योजोहान फोकु’बद्दल कुणी लिहील का? साडेचार ताताम्यांचं फोक, एवढाच शब्दार्थ कळला.

मूळ प्रश्नकर्ती

ताताम्या म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड चटया. खोली किती चटयांची त्यावरून तिचं माप. साडेचार चटया म्हणजे विद्यार्थ्याची भाड्याची खोली. आपल्याकडे ‘दहा बाय दहाची खोली’ म्हटल्यावर जे सगळं आठवतं, तेच तिथे ‘योजोहान’ म्हटल्यावर. अशा खोलीतल्या गरिबीतल्या प्रेमाच्या गाण्यांना हे नाव पडलं, आणि ते आराई युमीने दिलं असं मानतात. ती हाचिओजीच्या किमोनोच्या दुकानदाराची मुलगी, पियानोवर गाणी करणारी. तिच्या गाण्यांत विमानाच्या मागे उरणारी ढगाची रेघ होती. तिला ही खोली कोंदट वाटली असणार.

या प्रकाराचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं म्हणजे १९७३ चं ‘कांदागावा’. त्याच्या शब्दांत खोली तीनच चटयांची आहे! आणि ते गाणाऱ्या मिनामी कोसेत्सुने चाल लावली असली तरी शब्द किताजो माकोतो यांचे आहेत.

युमीसारख्यांच्या गाण्यांना मग ‘न्यू म्युझिक’ म्हणू लागले. त्यापुढची गंमत मला फार आवडते. १९८२ मध्ये मात्सुदा सेइको या तरुण तारकेच्या ‘आकाई स्वीट पी’ला चाल लावली ती युमीने, पण ‘कुरेता कारुहो’ या नावाने. ग्रेटा गार्बो हे नाव जपानी उच्चारात वाकवलेलं. शब्द लिहिले मात्सुमोतो ताकाशीने, जो आधी एका रॉक मंडळीत ड्रम वाजवायचा. जी माणसं जुनी तीन नावांची चौकट मोडून आली, तीच दहा वर्षांत त्या चौकटीत कामाला बसली, आणि उत्तम काम केलं. म्हणून हा शब्द मला माणसाच्या जातीचं नाव म्हणून नको आहे. एकच व्यक्ती आज तिन्ही करते, उद्या फक्त चाल लावते.

प्रतिसाद ५

सध्या भारतात ऐकल्या जाणाऱ्या जुन्या जपानी गाण्यांबद्दलही एक ओळ टाका. ताकेउची मारियाचं ‘प्लास्टिक लव्ह’ (१९८४) शब्द-चालीसह तिचं स्वतःचं. मात्सुबारा मिकीचं ‘मायोनाका नो डोअर’ (१९७९) मिउरा योशिको आणि हायाशी तेत्सुजी यांनी केलेलं. ऐकणारा दोन्ही एकाच यादीत ठेवतो आणि दोघींना एकच बिरुद लावतो.

आणखी एक. आयम्योन पुष्कळदा ‘बोकु’ म्हणून गाते, जे मुलगे स्वतःसाठी वापरतात. जपानी क्रियापदाला लिंग नाही, मराठीत ‘ऐकवतो’ की ‘ऐकवते’ ठरवावंच लागतं. स्वतः लिहिलेलं गाणं म्हणजे स्वतःबद्दलचं गाणं, असं धरून ‘ऐकवते’ केलंत तर चुकेल. फुजिई काझे तर ओकायामाच्या बोलीत गातो. तिथला ‘मी’ प्रमाण जपानीत म्हाताऱ्यांच्या तोंडी शोभेल असा ‘वाशी’ आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काय ठरवलं ते सांगते.

‘हिकिगातारी’ पुन्हा पाहिला. त्यातला ‘कातारी’ म्हणजे गाणं नव्हे, सांगणं. बिवा हे तंतुवाद्य वाजवत हेइके घराण्याची कथा सांगणारे आंधळे भिक्षू ‘कातारू’ करत. जोरुरी, म्हणजे बाहुल्यांच्या नाटकातलं कथन, तेही ‘सांगतात’, गात नाहीत. म्हणजे जपानीने माणसाला नाव देण्याऐवजी क्रियेला नाव दिलं. मराठीतही मला नामापेक्षा क्रियापदच जवळचं वाटलं : ‘बांधणं’. पद बांधतात, गाणं बांधतात. बांधण्यात शब्द आणि चाल वेगळे काढावे लागत नाहीत, आणि चाल उसनी असली तरी बांधणारा बांधणाराच राहतो. ताकादा वातारू आत येतो, युमी दोन्ही बाजूंना राहू शकते. जिथे नामच हवं तिथे ‘सिंगर-साँगरायटर’ देवनागरीत ठेवीन. जपानीनेही तेच केलं आहे.

अडलेलं दुसरं वाक्य आता असं झालं आहे : ‘साप्पोरोत जन्मलेली नाकाजिमा मियुकी १९७५ पासून स्वतः बांधलेली गाणी गाते आहे, आणि सत्तर, ऐंशी, नव्वद, दोन हजार अशा चारही दशकांत तिचं गाणं जपानमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आहे.’

‘बांधलेली’ कुणाला खटकत असेल तर आजच सांगा, उद्या संध्याकाळी लेख पाठवायचा आहे.

प्रतिसाद २

खटकत नाही. बंदिशीतही तेच बांधणं आहे.