जॅक नसलेल्या फोनवर रियाजाचे ध्वनिमुद्रण कसे करावे?

रियाजवही

नमस्कार. मी शास्त्रीय गायन शिकतो आणि घरच्या रियाजासाठी तानपुरा व तबल्याचे ॲप मोबाइलवर वापरतो. जुन्या फोनला साडेतीन मिलिमीटरचा जॅक होता. तारेचे हेडफोन लावून ठेका ऐकायचा आणि त्याच ॲपमध्ये ठेक्यासह स्वतःचे गाणे मुद्रित करायचे, अशी घडी बसली होती. नव्या फोनला जॅक नाही, म्हणून ब्लूटूथचे इअरबड्स घेतले आणि तेव्हापासून दोन गोष्टी खटकत आहेत. मुद्रण सुरू केले की तानपुरा टेलिफोनवरून ऐकू यावा तसा, जवारी (तारेचा झंकार) हरवलेला वाटतो. शिवाय नंतर ऐकताना मी प्रत्येक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किंचित उशिरा येतो आहे असे दिसते, गाताना मात्र सम अचूक सापडत असते. हा दोष माझ्या लयीचा की यंत्राचा? आणि फोनमधून जॅक काढण्यामागे खरोखर काही तांत्रिक कारण होते का?

तारजोडणी

दोष तुमच्या लयीचा नाही, हे आधी सांगतो.

तारेतून आवाज जवळजवळ तत्काळ पोहोचतो. ब्लूटूथमध्ये फोन आवाज आधी आकुंचित करतो, त्याचे तुकडे पाठवतो आणि इअरबड्स ते साठवून, उलगडून मग वाजवतात. या सगळ्यात सर्वसाधारण इअरबड्सवर १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. नुसते ठेक्याबरोबर गाताना हा उशीर जाणवत नाही, कारण तुम्ही जे ऐकता त्याच्याशीच सम जुळवता. मुद्रणात मात्र ॲप स्वतःचा ठेका विनाविलंब नोंदवते आणि तुमचा आवाज, तुम्ही उशिरा ऐकलेल्या ठेक्याला धरून, तितकाच मागे येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा जवळपास अर्ध्या मात्रेचा फरक झाला. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर तो अर्ध्या मात्रेहूनही अधिक होतो. गुरुजींना हे समजावून सांगा, नाहीतर नसलेला दोष काढण्यात तुमचा रियाज खर्ची पडेल.

टेलिफोनसारख्या आवाजाचे कारण वेगळे आहे. ॲपने इअरबड्समधला मायक्रोफोन वापरायला घेतला की नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीत फोन संगीताची पद्धत सोडून संभाषणाची पद्धत धरतो. तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजारच घेतले जातात, त्यामुळे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही उरत नाही आणि दोन्ही कानांना एकच मिसळलेला आवाज मिळतो. जवारीचे सौंदर्य वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच स्वरांत, असते आणि नेमके तेच कापले जातात. ॲपमध्ये फोनचाच मायक्रोफोन निवडण्याची सोय असेल तर ही तक्रार बहुधा मिटेल. उशिराची मात्र मिटणार नाही, त्यासाठी तारच हवी.

नवे_तंत्र

वरचे तांत्रिक विवेचन मान्य आहे, पण कंपन्यांची बाजूही नीट मांडली पाहिजे. जॅकची खोबण फोनच्या आत बरीच खोल जाते, आणि पातळ फोनमध्ये तेवढी जागा मोठी असते. ॲपलने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आयफोन ७ सादर केला तेव्हा हेच कारण दिले होते, आणि त्या पिढीत बॅटरी वाढली व फोन पाण्यापासून सुरक्षितही झाला. ॲपल पहिली नव्हती, हेही लक्षात घ्यावे. ओप्पोचा आर ५ हा जेमतेम ४.८५ मिलिमीटर जाडीचा फोन २०१४ मध्येच जॅकशिवाय आला होता आणि मोटोरोलाचा मोटो झेड आयफोनच्या काही महिने आधी आला. बहुसंख्य लोक फोनवर बोलतात आणि चित्रफिती पाहतात. चित्रफितीत फोन चित्रच थोडे मागे ठेवून आवाजाशी मेळ घालतो, त्यामुळे त्यांचे काही अडत नाही.

तारजोडणी

जागेचा मुद्दा खरा आहे, पाण्याचा नाही. २०१६ मध्येच आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ७ ला जॅक होता आणि पाण्यापासून संरक्षणाचे आयपी ६८ मानांकनही होते. सोनीने २०१८ मध्ये एक्सपीरिया एक्सझेड २ मधून जॅक काढला आणि २०२० च्या एक्सपीरिया १ मार्क २ मध्ये जलरोधक बांधणी कायम ठेवून परत आणला. म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितले गेले ते करून दाखवता येत होते. आयफोन ७ च्याच कार्यक्रमात १५९ डॉलरचे एअरपॉड्सही सादर झाले होते, हा संदर्भ विसरता येत नाही. आयफोनसोबत मिळणारा, तारेचे हेडफोन जोडण्याचा जोडतुकडाही (ॲडॉप्टर) २०१८ पासून खोक्यातून गेला आणि वेगळा विकत घ्यावा लागू लागला. आवाजाचे अंकीय रूप कानाला ऐकू येईल अशा विद्युतलहरीत बदलण्याचे काम आजही कुठेतरी व्हावेच लागते. ते फोनमधून उचलून इअरबड्समध्ये किंवा जोडतुकड्यात ठेवले गेले आणि त्याचा खर्च ग्राहकाकडे आला. शिवाय इअरबड्सची बॅटरी सीलबंद असते, काही वर्षांत ती क्षीण झाली की चांगला स्पीकरही तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

नभोवाणी_श्रोता

विषय रियाजाचा आहे, तरी त्याला लागून असलेली एक गोष्ट सांगतो. फोनवरच्या एफएम रेडिओला हेडफोनची तारच अँटेना म्हणून लागते. या लहरींची लांबी साधारण तीन मीटर असते, तिच्या पाव भागाहून थोडी लांब तार कानापर्यंत जाते आणि ती हे काम चांगले करते. ज्या गावात पुराच्या दिवसांत मोबाइलचे मनोरेच बंद पडतात तिथे आकाशवाणीच्या सूचना ऐकण्याचा हा मार्ग होता. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये फोनमधली एफएमची सोय बंद न ठेवण्याची सूचना उत्पादकांना केली, पण तार जोडायला जागाच नसेल तर नुसती चिप असून काय साधणार? माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन गृहस्थ पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन चालवतात. ब्लूटूथमुळे प्रत्येक स्पर्शानंतरचा शब्द उशिरा आला की बोट पुढच्या बटणावर पोहोचलेले असते. त्यांनी याच कारणासाठी जॅक असलेला स्वस्त फोन घेतला आणि तो सांभाळून वापरतात.

रियाजवही

सर्वांचे आभार. फोनचा मायक्रोफोन निवडून पाहिला, तानपुरा पूर्ववत झाला. आता टाइप-सीचा जोडतुकडा घ्यायचा आहे, पण दुकानात एक लावून पाहिला तर फोनने तो ओळखलाच नाही.

तारजोडणी

टाइप-सीचे जोडतुकडे दोन जातींचे असतात. एकात नुसत्या तारा असतात आणि आवाज फोनने तयार करून त्या पिनांवर द्यावा लागतो. बरेच फोन तो देत नाहीत, तुमचे तसेच झाले असावे. दुसऱ्यात रूपांतर करणारी छोटी चिप, म्हणजे डॅक, असते. तुम्हाला तोच हवा. ओळखायचा असेल तर तो लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावा, संगणकाने नवे ध्वनियंत्र दाखवले तर आत डॅक आहे. तरीही स्वतःच्या फोनवर ठेका वाजवून, आवाज पुरेसा मोठा येतो का ते पाहूनच पैसे द्या, कारण काही जोडतुकडे काही फोनवर फार दबका आवाज देतात. रियाज लांबत असेल तर चार्जिंगची वेगळी खोबण असलेला घ्या, आणि हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर जोडतुकडा चार तारांचा आहे ना, एवढे विचारून घ्या.