मदत हवी आहे : मिरजेहून आलेलं शिसवी कपाट, वेताची आरामखुर्ची आणि नव्या हॉलच्या भिंतींचा रंग

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती, आता कोथरूडमधल्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय. दोन बेडरूम, हॉल, किचन. दिवाळीच्या आत राहायला जायचं आहे. अडलंय ते हॉलच्या भिंतींपाशी आणि आजोबांच्या फर्निचरपाशी. जुनं सामान घेऊन ज्यांनी नवं घर लावलंय किंवा जे या व्यवसायातच आहेत, त्यांचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

मिरजेचं घर विकलं तेव्हा तिथून चार वस्तू आणल्या. शिसवी लाकडाचं कपाट, सात फूट दोन इंच उंच, मधल्या दाराला कडा तासलेला बेल्जियम काचेचा आरसा. सागवानी आरामखुर्ची, तिच्या हातांखालच्या फळ्या बाहेर फिरवल्या की पाय लांब करून टेकवता येतात, पाठ आणि बैठक वेताची. संगमरवरी फरशीचं गोल टेबल. आणि पितळी कड्यांचा झोपाळा. झोपाळ्याचा प्रश्न सुटलाय, स्ट्रक्चरल इंजिनिअरने हूक कुठे घ्यायचा ते बीमवर खूण करून दिलंय. बाकीच्या तीन वस्तूंचं ठरत नाहीये.

आम्ही एका इंटिरिअर डिझायनरला काम दिलंय. तरुण मुलगा आहे, मेहनती आहे, त्याने काढलेला किचनचा आराखडा तर मला फारच आवडला. ओट्याची उंची माझ्या कोपरापासून मोजून घेतली, असं याआधी कुणीच केलं नव्हतं. पण हॉलचं चित्र आणलं तेव्हा त्यात आमचं काहीच नव्हतं. भिंती फिक्या राखाडी, सोफा राखाडी, पडदे बेज. कपाटाबद्दल विचारलं तर त्याने दोन पर्याय दिले. एक तर विकून टाका, मुंबईत जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचर बाजारात चांगले पैसे येतील. नाहीतर त्याला पांढरा खडूसारखा मॅट रंग देऊ आणि कडा घासून जुनाट दाखवू. शंभर वर्षांच्या आसपास जुन्या असलेल्या शिसवी कपाटाला पांढरा रंग लावून पुन्हा जुनं दाखवायचं, हे मला पटत नाही.

बाबा समोरच बसले होते. त्यांचं वय ७९. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी सामान ठेवलेल्या भाड्याच्या खोलीवर गेले तर ते कपाटासमोर स्टुलावर बसून आरशाची तासलेली कड जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत होते. उन्हाची तिरीप त्या कडेवर पडली की समोरच्या भिंतीवर सप्तरंगी पट्टा उमटतो. लहानपणी मिरजेला आम्ही तो हाताने पकडायला धावायचो. त्या दिवशी मी ठरवलं की कपाट जसं आहे तसंच हॉलमध्ये राहणार, भिंतींनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

मग मी स्वतःच रंग लावून बघायला लागले. थेट भिंतीवर पट्टे मारले नाहीत, कारण खालचा पांढरा रंग आजूबाजूला दिसत राहतो आणि डोळा फसतो. दोन बाय तीन फुटांचे हार्डबोर्डचे तुकडे आणले, प्रायमर मारून वर रंगाचे दोन हात दिले, आणि ते कपाटाच्या मागे एकेक उभे करून सकाळी, दुपारी, रात्री बघितले. हॉल पश्चिमेचा, १६ बाय ११ फूट.

डिझायनरने सुचवलेला राखाडी शेड कार्डावर अगदी निर्विकार दिसतो. कपाटाशेजारी ठेवला आणि तो चक्क निळसर झाला, थंड, दवाखान्यासारखा. आधी वाटलं दुकानदाराने चुकीचं मिश्रण दिलं. तसं नव्हतं. कपाटाच्या तांबूस तपकिरी रंगामुळे डोळ्याला शेजारचा राखाडी निळ्याकडे झुकलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख असलेले शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ होते. काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर कळलं की धागा नीट रंगलाय, दोष शेजारी विणलेल्या रंगांचा आहे. त्यांनी १८३९ साली हा नियम सविस्तर मांडला. आमच्या भाड्याच्या खोलीत तेच घडत होतं. म्हणजे जुन्या लाकडाजवळ कोणता रंग शोभेल हे कार्ड बघून ठरवताच येत नाही, ते लाकूड शेजारी लागतं.

गेरूसारखा विटकरी रंग मला मनापासून आवडतो, तोही लावून बघितला. पण तो आणि कपाट एकाच कुळातले; कपाट भिंतीत विरून गेलं. ताकासारखा पिवळट पांढरा छान वाटला, शांत, मात्र कपाट त्यावर एकटं आणि अवजड दिसतं. शेवटी करवंदाच्या पानासारखा गडद हिरवा ठेवला. शिसवीतल्या ज्या जांभळट तांबड्या रेषा मी इतकी वर्षं पाहिल्याच नव्हत्या, त्या एकदम वर आल्या. पितळी कुलूपपट्टीही उठून दिसली. बाबा म्हणाले, "हेच." बस, एवढंच म्हणाले.

पण माझी भीती अशी, की हॉल लहान, लाकूड गडद, त्यात भिंतही गडद. संध्याकाळी पाचच्या पिवळ्या उन्हात हा हिरवा मेंदीसारखा तपकिरी होतो. ते चालेल. रात्री मात्र बिल्डरने लावलेल्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली तो काळपट पडला आणि कपाट मेल्यासारखं दिसलं. तीच ट्यूब बंद करून टेबललॅम्पमध्ये ३००० केल्विनचा दिवा लावला, खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० लिहिलेला, तर दोन्ही रंग परत जिवंत झाले. तेव्हा दिवे बदलायचे हे नक्की. प्रश्न दिवसाचा आहे.

मला एक मधला मार्ग सुचतोय. मिरजेच्या घरात भिंतीला खाली तीन-साडेतीन फुटांपर्यंत ऑइलपेंटचा गडद पट्टा होता, वर नीळ घातलेला चुना, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर काळी रेघ. पाठ टेकून बसलं तरी चुना कपड्यांना लागायचा नाही, यासाठी तो पट्टा. तसा खाली हिरवा आणि वर ताकाचा रंग घेतला तर? की कपाटाची एकच भिंत पूर्ण हिरवी आणि बाकी तीन फिक्या? मी पणजीला फोंताइन्हासमध्ये फिरताना बघितलं होतं, गडद निळ्या-पिवळ्या भिंतींना खिडक्यांभोवती पांढऱ्या कडा असतात आणि त्यामुळे एवढा दाट रंगही अंगावर येत नाही. घराच्या आत, साडेनऊ फुटांच्या उंचीत, तशी पांढरी चौकट जमेल का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, उंची किती ठेवली आणि छत कमी तर वाटत नाही ना?

आता पॉलिशचं. डिझायनरच्या ठेकेदाराचं म्हणणं, मशीनने घासून कच्चं लाकूड उघडं करू आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर मारू, पुढची पंधरा वर्षं बघायला नको. मी त्याला थांबवलं. कपाटाच्या मागच्या पायाला, दिसणार नाही अशा जागी, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून घासला. बोळा तपकिरी झाला आणि पाय बोटाला चिकट लागला. म्हणजे ते चपड्याचं पॉलिश आहे, लाखेचं. आजी सांगायची की मिरजेच्याच सतारमेकर गल्लीतला एक कारागीर येऊन हाताने पॉलिश करून जायचा. सतारी-तंबोऱ्यांना करतात तसं, कापडाच्या बोळ्याने, पातळ थरांवर थर. तेव्हा ते मला गोष्टीसारखं वाटायचं, पण बोळ्याने ते खरं ठरवलं. चपड्याचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, सगळं खरवडावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पाण्याचा आणि उष्णतेचा त्याला डाग पडतो, हा दोष. कपाटाला काही भीती नाही. पण बाबा आरामखुर्चीच्या हातावर चहाचा कप ठेवतात आणि ती सवय आता मोडणार नाही, मोडायचीही नाही. मग खुर्चीच्या फक्त हातांना वेगळं काही लावावं का? वरून मेण लावलं तर गरम कपाला पुरतं का?

आणि पावसाळ्याचं काय करायचं? दमट हवेत चपडा लावला तर तो दुधाळ होतो हे मला माहीत आहे. पुण्यात सप्टेंबरअखेरपर्यंत खात्री नसते. ऑक्टोबरच्या उन्हासाठी थांबलं तर दिवाळीआधी जेमतेम हातात दिवस उरतात.

वेताचं थोडं मी केलंय. बैठक झोळीसारखी खाली आली होती, पण एकही धागा तुटला नव्हता. खुर्ची उलटी करून वेताला खालून कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवलं आणि दिवसभर सावलीत वाळू दिलं. वाळताना वेत आवळतो. दुसऱ्या दिवशी टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. पाठीचं मात्र तीन ठिकाणी तुटलंय, ती नव्यानेच विणायला हवी. बाबांच्या ऑफिसात खुर्च्या विणायला अंध कारागीर यायचे. पुण्यात अजून कुणी हाताने, भोकांतून ओवून विणतं का? दुकानदार तयार जाळी चिकटवून देतो म्हणतात, पण या खुर्चीला जाळी बसवायची खाचच नाही, कडेला सगळी भोकं आहेत.

डिझायनरबद्दलही विचारायचं आहे. त्याचं मानधन एकूण खर्चाच्या दहा टक्के असं ठरलंय. म्हणजे आम्ही घरातलंच कपाट वापरलं तर त्याच्या कामाचे पैसे कमी होतात. यात त्याची चूक नाही, ठरावाची आहे. मी त्याला सांगावं का, की हॉलपुरतं ठरावीक रक्कम घे, पण आमच्या वस्तू धरून आराखडा कर? असं कुणी मध्येच बदललंय का? की किचन त्याच्याकडे ठेवून हॉलसाठी दुसरं कुणी बघावं? आर्किटेक्ट ही उपाधी १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय लावता येत नाही, इंटिरिअर डिझायनरला तसं बंधन नाही. त्यामुळे ज्याला जुनं लाकूड कळतं असा माणूस कसा ओळखायचा हेच समजत नाही. तुम्ही पहिल्या भेटीत काय विचारता?

भर, रविवार रात्र :

एवढ्या लवकर इतके प्रतिसाद आले, सगळ्यांचे मनापासून आभार.

कपाट लिफ्टमध्ये जाईल का, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. अख्खं जाणार नाही. पण ते सुटं होतं. वरची नक्षीची कमान उचलली की निघते, मधला भाग खालच्या बैठकीवर नुसता बसवलेला आहे, आणि आतल्या पाचरी ठोकून सैल केल्या की बाजू वेगळ्या होतात. एकही खिळा नाही. मिरजेहून आणताना प्रत्येक पाचरीवर खडूने आकडे घातले होते, ते अजून आहेत.

सोफा कोणता घेणार, हेही विचारलंय. सोफा नवाच घेणार, पण साधा, पायांवर उभा असलेला, म्हणजे खालची जमीन दिसेल आणि खोली मोकळी वाटेल. कापड जाड सुती, हळदीच्या रंगाचं बघतेय. खणाच्या उशा कराव्यात असं एका ताईंनी सुचवलंय, हळदी रंगाच्या सोफ्यावर काळ्या-लाल खणाच्या. कल्पना फार आवडली.

एका दादांनी कपाटाच्या मागच्या फळ्या तपासायला सांगितल्या, त्यांचे विशेष आभार. आज बॅटरी लावून बघितलं. खालच्या दोन फळ्यांखाली पिठासारखा बारीक भुसा पडलाय आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत. या दोन फळ्या फिक्या आणि वजनाला हलक्या आहेत, शिसवीच्या नाहीत. पुढचा सगळा भाग मी नखाने, टाचणीने टोचून बघितला, कुठेही मऊ लागला नाही. आता या फळ्या काढून नव्या सागवानी बसवाव्यात की औषध भरून त्याच ठेवाव्यात? बाबांचा कल जुन्या ठेवण्याकडे आहे, कारण एका फळीवर आतून आजोबांनी पेन्सिलीने धोब्याचा हिशेब लिहिलाय. मला काळजी अशी, की कीड आरामखुर्चीपर्यंत पोचेल.

औषध मारायचं तर ते पॉलिशच्या आधी की नंतर, आणि आधी असेल तर मधे किती दिवस सोडायचे? पॉलिशवाला बुधवारी सकाळी बघायला येतोय. त्याच्या आधी एवढं एक तरी कुणीतरी सांगा, नाहीतर मी त्याला पुढची तारीख देते.